माघारच्या भिंतीचं भोक

नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनात मी फिटर होतो, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळात माझा स्वतःवर फार विश्वास होता. भिंतीला मोठं भोक पाडायचं असलं की लोक मला बोलवायचे, आणि मी मुद्दाम थोडा उशिरा जायचो.

माझ्याकडे तीन हत्यारं असायची. पहिली साधी छिन्नी. दुसरी विहिरीत सुरुंगाची भोकं पाडतात ती जाड पहार. ती काळ्या पाषाणातही शिरते, पण तिच्या एकेका घावानं सगळी भिंत हादरते. तिसरी माझी लाडकी, दातेरी नळी. जुन्या बॉयलरच्या नळीचा हातभर तुकडा घेऊन मी त्याच्या एका तोंडाला करवतीसारखे दाते पाडले होते आणि भट्टीत तापवून त्याला पाणी दिलं होतं. भिंतीवर टेकवायची, हातोड्याचा ठोका द्यायचा, किंचित फिरवायची, पुन्हा ठोका. विटेतून ती अशी जाते की शेजारच्या विटेला पत्ता लागत नाही. मोठं भोक हवं असलं तर अशी लहान भोकं गोलाकार एकमेकांना चिकटून पाडायची आणि मधला गड्डा अलगद काढून घ्यायचा. ही नळी हातात असली की मला सगळ्या भिंती विटेच्याच दिसत.

माझ्या धाकट्या बहिणीला प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीकाठच्या एका गावात दिली होती. स्थळ पाहायला वडलांबरोबर मीच गेलो होतो. बाकी लोक शेत आणि विहीर पाहत होते. मी भिंती पाहिल्या, बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिल्या. बाहेरून भाजक्या विटा, मधले सांधे चुन्यानं भरलेले. नवरदेव तेवढ्या वेळात चार-पाच वेळा खोकला, तेही मी ऐकलं. घरी येऊन सांगितलं, ‘‘घर पक्कं आहे, देऊन टाका.’’ बहीण तेव्हा आतल्या घरात चूल सारवत होती.

सहा वर्षांनी तो खोकला त्याला घेऊन गेला.

दिरानं तिला एका टोकाची खोली दिली आणि वर्षाचं धान्य. धान्य मोजून द्यायचा आणि देताना दोन शब्द ऐकवायचा. ही दोन वर्षं गप्प राहिली. मग तिनं अंगावरचं सोनं मोडलं, एक जुनं तेलाचं इंजिन आणि पिठाची चक्की आणली आणि मला निरोप धाडला. गावात बाया म्हणू लागल्या, ही आता दिराच्या डोक्यावर मिऱ्या वाटणार. मला मात्र तिचा अभिमान वाटला, आणि थोडी लाजही. भावानं करायचं ते ती एकटी करत होती.

इंजिन बसवून झालं. राहिली धुराची नळी. ती माघारच्या भिंतीतून बाहेर काढायची होती. नळी तीन बोटं जाड, पण चालताना लाल तापते, म्हणून भोवती मोकळी जागा सोडून चांगलं वीतभर भोक हवं होतं. अडचण एवढीच की घरावर मातीचं धाबं, आणि दिराच्या खोलीच्या तुळयाही त्याच लांब भिंतीवर टेकलेल्या. दीर दारात येऊन उभा राहिला.

‘‘भितले तडा गया का इंजन बाहेर,’’ तो म्हणाला. ‘‘मन्हं धाबं बी तिन्हावरच शे.’’

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण इंजिन बाहेर म्हणजे माझी बहीण पुन्हा त्याच्या मापाखाली, हे त्यालाही कळत होतं आणि आम्हालाही.

मी म्हटलं, विटेची भिंत आहे, ऊन उतरायच्या आत भोक पाडून देतो. इंजिनाच्या समोरच खडूनं गोल काढला आणि दातेरी नळी लावली. पहिली चार बोटं झकास गेली. मग नळी ठणकन वाजली. मी हातोडा जोरात घातला. पुन्हा ठण्ण. शहाण्या माणसानं तिथं थांबायला हवं होतं. मला राग आला आणि मी भिंतीवर तो काढू लागलो. दहा-बारा घावांत नळीचे तीन दाते उडाले, धाब्याची माती माझ्या डोक्यात पडली आणि तुळईच्या खाली बोटभर लांबीची बारीक रेघ उमटली.

दिरानं ती रेघ पाहिली. ‘‘आखो एक ठोका खोटा पडना तर मी गाडी जुपस,’’ एवढंच बोलून तो बाहेर बाजेवर जाऊन बसला. इंजिन परत न्यायची गाडी, हे सांगायला नको होतं.

माझी मती अशी फिरली होती की मी सरळ पहार उचलली. आत दगड आहे ना, मग दगडाचं हत्यार! खांद्यापर्यंत पहार आली आणि बहिणीनं ती मधेच धरली.

‘‘ठेव खाले,’’ ती म्हणाली. ‘‘हाई भित आठे दगडनी शे. तापीले पूर उना तव्हय जुनं घर पडनं, त्याना दगड आठे भरेल शेतस. बाहेरथून नुसती ईट.’’

‘‘तुले कसं ठाऊक?’’

‘‘दरसाल मीच लिपस ना.’’

तिनं लोटा भरून आणला आणि हातानं भिंतीवर पाणी मारत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पदरानं हात पुसत म्हणाली, ‘‘आते दख.’’ वैशाखातली दुपार होती, भिंत आमच्या डोळ्यांदेखत सुकू लागली. जिथं आत वीट होती तिथलं पाणी वीट पिऊन टाकत होती, लिंपण भराभर पांढरं पडत होतं. जिथं काळा दगड होता तिथं ओल तशीच राहिली. माझ्या खडूच्या गोलाभोवती सगळी ओल. पण चार हात पलीकडे, कोपऱ्याकडे, एक पट्टा खालपासून पुरुषभर उंचीपर्यंत कोरडा झाला, आणि त्याच्या दोन्ही कडा सरळ होत्या, ओळंबा लावल्यासारख्या.

ते दार होतं. कधी काळी विटांनी बुजवलेलं. वरचं लिंपण थोडं खरवडलं तर सागाची जुनी चौकट लागली, वरचं आडवं लाकूड शाबूत. धाब्याचा भार त्या लाकडावर. खालच्या विटा नुसत्या भरीला. भोक पाडायला सबंध भिंतीत याहून चांगली जागा नव्हती. दिराला बोलावून दाखवलं. याच घरात त्याचा जन्म गेला, पण हे दार त्याला माहीत नव्हतं. तो परत बाजेवर जाऊन बसला.

मी बहिणीवरच घसरलो. ‘‘मंग पहिलेच का बरं सांगं नही?’’

‘‘तू इचारं का?’’

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी गावच्या लोहाराकडे जाऊन नळीचे दाते नीट करून आणले. दुसऱ्या दिवशी पहार कोपऱ्यात उभी राहिली, हातोडाही मी लहान घेतला. ठोका, फिरव, भुकटी काढ. गोलाकार भोकं पूर्ण झाली तेव्हा मधला गड्डा छिन्नीनं हलवून दोन्ही हातांनी बाहेर काढला. धाब्यावरून चिमूटभरसुद्धा माती पडली नाही. भिंतीतून पलीकडचं चिंचेचं झाड दिसलं. तुळईखालची ती रेघ बहिणीनं स्वतः मातीनं भरली, आणि दीर ती बोटानं चाचपून गेला.

धुराची नळी बसवून तिसऱ्या प्रहरी इंजिन चालू केलं. पहिला धूर भकाभका बाहेर गेला, खोलीत काही नाही. ती चक्कीपाशी पाटी धरून उभी होती. पहिलं पीठ तिनं चिमटीत घेऊन पाहिलं, माझ्या तोंडात घातलं आणि लहानपणी हसायची तशी हसली. मला वाटलं, आता कौतुक करील.

ती माझ्या कानाशी आली, कारण आवाज फार होता.

‘‘भाऊ, मन्हं लगीन जमाडं तव्हय बी तू भिंतीच पाह्यात ना?’’ ती म्हणाली. रागानं नाही, हसू अजून तोंडावर होतं. ‘‘मी तव्हय बी घरमाच व्हतू.’’

मग ती पाटी घेऊन चक्कीकडे वळली.