नको म्हणणाऱ्याची पहिली फेरी

घनसावंगीत जीपवाले पैशाला पासरी आहेत, पण महेबूबभाईंना कुणी जीपवाला म्हणत नाही. ते पोटुशा बायांना माहेरी पोहोचवतात. सातवा महिना लागला, ओटी भरली, की घरात पहिली चौकशी महेबूबभाई मोकळे आहेत का याची होते, मुहूर्त नंतर. त्यांची गाडी खड्ड्यातून गेली तर खड्ड्यालासुद्धा कळत नाही, असं बायका सांगतात. बायका वाढवून सांगतात हे मला माहीत आहे. पण मी त्या गाडीत बसलेय, आणि इथं त्यांनी फारसं वाढवलेलं नाही.

मी गिरिजा, इथली आशा कार्यकर्ती. बारा वर्षं झाली. लोकांच्या घरात जाऊन नको ते विचारायचा परवानाच मला सरकारनं दिलाय आणि तो मी जरा सढळ हातानं वापरते. महेबूबभाईंनाही मी एकदा विचारलं होतं, हा धंदा कसा सुरू झाला म्हणून. म्हणाले, ‘‘आधी पोल्ट्रीची अंडी घेऊन जालन्याला जात होतो ताई. अंडी फुटली न्हाईत, मंग लोकांनी सुना बसवल्या.’’

मला खरी उत्सुकता होती ती हा माणूस रस्ता कसा निवडतो याची. उन्हाळ्यात मोकळा असलेला रस्ता हिवाळ्यात उसानं भरतो. कारखाने पेटले की डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर निघतात, आणि एकदा का त्यांच्या मागं सापडलात की तासभर उसाचे शेंडे बघत जायचं. वाटेत पडलेली मोळी, कारखान्याच्या दाराशी दोन्हीकडं लागलेली रांग, सकाळचं धुकं, ते वेगळंच. महेबूबभाई निघायच्या आधी चार-पाच फोन लावतात. अंबाजोगाईचा एक चहावाला, उदगीरचा एक टायरवाला, असे त्यांचे लोक ठरलेले. मी म्हटलं, मोबाईलमध्ये नकाशा असतो की. तर हसले. ‘‘ती बाई रस्ता बराबर सांगती. पर कारखाना कवा सुरू झाला, ते तिला कुठं ठावं?’’

पण खरी गंमत त्यांच्या दुसऱ्याच रीतीत आहे. ती मला मीनाच्या वेळी कळली.

मीना म्हणजे द्वारकाबाईंची सून. मुलगा सोमेश्वर अंकुशनगरच्या कारखान्यावर कामाला, हंगामात त्याला मान वर करायला सवड नाही. मीनाचं माहेर सरहद्दीपलीकडं, कर्नाटकात, भालकीच्या जवळ. तीनशेच्या आसपास किलोमीटर. तिची आई डोळ्यांनी जवळजवळ अधू झालेली, तिला इकडं आणणं शक्य नव्हतं. म्हणजे आईजवळ बाळंत व्हायचं तर मीनानंच जायला हवं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, सगळं ठीक आहे, जाऊ दे, फक्त तासातासाला उतरवून चालवा. मीना तर कधीची बॅग भरून बसली होती.

आणि द्वारकाबाई म्हणत होत्या, नको.

त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी मीना पाचव्या महिन्यात माहेरी जाऊन परत येताना लातूरजवळ तिला त्रास सुरू झाला. भाड्याच्या जीपमधल्या लोकांनी तिला लातूरच्या एका दवाखान्यात पोहोचवलं. मूल गेलं. आता पुन्हा दिवस राहिले होते, आणि पुन्हा तोच लांबचा प्रवास. तरी मला द्वारकाबाईंचा राग आला. पोरीला आईजवळ जायचंय, डॉक्टर हो म्हणतात, आणि ही बाई उंबऱ्यात पाय रोवून उभी! मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

महेबूबभाई आले, ओट्यावर टेकले, चहा घेतला. पहिला प्रश्न विचारला तो असा, ‘‘घरात न्हाई कोन म्हणतंय?’’

‘‘मी,’’ द्वारकाबाई म्हणाल्या.

‘‘मंग उद्या सकाळी तुम्ही चला मावशी. पयली फेरी तुमची. जिथं तुमचं मन घेईल त्याच रस्त्यानं सुनबाईला नेऊ. न्हाई घेतलं तर मी सोता सांगन, जाऊ नका म्हणून.’’

ही ती रीत. नको म्हणणाऱ्या माणसाला ते आधी गाडीत बसवतात. घनसावंगीतून भालकीकडं निघायच्या तीन दिशा: अंबड-शहागडकडून बीडवाला रस्ता, परतूरकडून परभणी-नांदेडवाला, आणि कुंभार पिंपळगावावरून गोदावरी ओलांडून माजलगाव-अंबाजोगाईवाला. रोज एक दिशा, तीस-चाळीस किलोमीटर जायचं न् यायचं. पुढचा रस्ता त्यांना पाठ. आणि बसणाऱ्याच्या मांडीवर गळ्यापर्यंत भरलेला पाण्याचा तांब्या. पाणी सांडलं की रस्ता नापास. मला हसू आलं, पण बघायचंही होतंच. मी पुढच्या सीटवर बसून गेले. कुणी बोलावलं नव्हतं.

पहिल्या दिवशी बीडच्या रस्त्याला, अंकुशनगरच्या बाजूनं गेलो. ट्रॉल्या होत्या, पण महेबूबभाई त्यांच्यामागं असे निवांत चालले होते की जणू वरातीतच आलेत. परत आलो तर तांब्या अर्धा. महेबूबभाईंनी तांब्यात डोकावून पाहिलं, सीटवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, ‘‘हा रस्ता न्हाई.’’

दुसऱ्या दिवशी परतूरच्या बाजूनं. मला तर एक धक्का जाणवला नाही. पण तांब्यात पुन्हा अर्धंच पाणी. पुन्हा सीटवरून हात, पुन्हा तेच, ‘‘हा बी न्हाई.’’ मीना दारात उभी होती. ती आत गेली. मला तिची फार कीव आली.

तिसऱ्या दिवशी माजलगावची दिशा. गोदावरीच्या पुढं नवा सिमेंटचा रस्ता होता, गुळगुळीत. उन्हं वर आली होती, बाजूला कापसाच्या पऱ्हाट्या. मी आपली बाहेर बघत होते, आणि सहज गाडीच्या बाहेरच्या आरशात नजर गेली. मागच्या खिडकीतून पाण्याची बारीक धार पडत होती.

मी गर्रकन मागं वळले. द्वारकाबाईंच्या हातातला तांब्या खिडकीबाहेर तिरपा होता.

‘‘थांबवा गाडी!’’ मी ओरडलेच. ‘‘बघा, बघा ही बाई काय करतेय ते! तीन दिवस आपल्याला येड्यात काढतेय!’’

महेबूबभाईंनी सावकाश गाडी बाजूला घेतली. घाईनं ब्रेक लावणं त्यांच्या अंगातच नाही. गाडी बंद केली आणि मागं न बघता म्हणाले, ‘‘ताई, मला पयल्या दिवशीच कळलं. पानी सांडलं असतं तर सीट भिजली असती. सीट तर तिन्ही दिवस बिलकुल कोरडी हाय.’’

‘‘मग बोलला का नाहीत? फुकटची फिरवाफिरवी कशाला?’’

‘‘घरात त्या नुस्त्या न्हाई म्हणून राह्यल्या होत्या. गाडीत बसलं की मानूस कवा ना कवा बोलतं. मी वाट बघून राह्यलो होतो.’’

द्वारकाबाईंनी तांब्या पायाशी ठेवला. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग बोलल्या ते महेबूबभाईंना, मला नाही.

‘‘मागल्या खेपेला पोरगी म्हणत होती, आठ दिस ऱ्हाते. मीच म्हणले, कापूस वेचायला मानूस न्हाई, चौथ्या दिशी वापस ये. जल्दी ये. ती बिचारी भरल्या जीपमंदी बसून निघाली. अकरा मानसं व्हती म्हनं त्या जीपमंदी. लेकरू माझ्यामुळं गेलं. घरात कुनी मला एका शब्दानं बोललं न्हाई. बोलले असते तर बरं झालं असतं.’’

माझा राग कुठल्या कुठं गेला. नुसता गेला नाही, उलटून माझ्यावरच आला. कारण लातूरच्या डॉक्टरांचा कागद मी स्वतः वाचला होता आणि माझ्या रजिस्टरात उतरवूनही घेतला होता. बाळाची वाढ आठ-दहा दिवस आधीच थांबली होती. मीना माहेरी जायला निघाली त्याच्याही आधी. तिथं ना जीपचा दोष होता, ना हादऱ्यांचा, ना कापसाचा. मी हे मीनाला सांगितलं, सोमेश्वरला सांगितलं. द्वारकाबाई तेव्हा शेतात होत्या. सासूला काय सांगायचं, असं वाटून मी उठून आले. मीनाला वाटलं मी त्यांना सांगितलं असेल, मला वाटलं घरात बोलणं झालं असेल.

मी ते सगळं तिथं, त्या रस्त्याच्या कडेला सांगितलं. दोनदा सांगितलं. द्वारकाबाई माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

‘‘खरं सांगतीस?’’

‘‘कागद आहे. दाखवते घरी गेल्यावर.’’

‘‘मंग दोन वर्सं मला का न्हाई सांगितलं?’’

बारा वर्षं मी लोकांना प्रश्न विचारतेय. या बाईला मी कधी एकही प्रश्न विचारला नव्हता, नुसती नावं ठेवली होती. माझे डोळे भरून आले. महेबूबभाई खाली उतरून उगाच टायरांना लाथा मारून बघत होते.

घरी आल्यावर मी कागदाची नक्कल वाचून दाखवली. द्वारकाबाईंनी ती पुन्हा वाचायला लावली. मग त्या उठल्या आणि चुलीपाशी बसलेल्या मीनाजवळ जाऊन म्हणाल्या, ‘‘तू जा माय. मी बी येते पोहोचवायला.’’

महेबूबभाईंनी लगेच फोन काढला. तिन्ही रस्ते चांगलेच होते, आता प्रश्न उरला नव्हता. ‘‘मंग माजलगाव, अंबाजोगाई, लातूर, उदगीर. सगळ्यात जवळचा,’’ ते म्हणाले.

‘‘एक सांगू?’’ मीना म्हणाली. आम्ही तिघांनी तिच्याकडं पाहिलं. चार दिवस रस्त्यांचा एवढा खल चालला होता, पण तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. ‘‘कुठूनबी न्या. फकस्त लातूर नको.’’

महेबूबभाईंनी कानाला लावलेला फोन खाली घेतला. ‘‘अंबाजोगाईहून अहमदपूर, शिरूर ताजबंद, मंग उदगीर,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘थोडा फेरा पडल. पर लातूर लागत न्हाई.’’

सोमवारी धुकं विरल्यावर निघालो. मीही होतेच. महेबूबभाईंच्या बायकोनं, सलमाभाभींनी, मीनाच्या दंडाला नाणं गुंडाळलेली हिरवी चिंधी बांधली. प्रवासाला निघालेल्याच्या दंडाला ती बांधायची, सुखरूप पोहोचल्यावर त्यातलं नाणं गरिबाला द्यायचं, अशी त्यांच्यातली पद्धत. द्वारकाबाईंनी ते नीट निरखलं, सगळं विचारून घेतलं आणि स्वतःचाही दंड पुढं केला. ‘‘मला बी बांध माय.’’

तासातासाला थांबत, मीनाला चालवत आम्ही गेलो. उदगीर सोडल्यावर द्वारकाबाई सारख्या विचारायला लागल्या, सरहद्द आली का, आली का. त्यांना वाटत होतं मोठी कमान असेल, शिपाई उभा असेल. शेवटी महेबूबभाई म्हणाले, ‘‘मावशी, गेली की मागं.’’ त्यांनी वळून पाहिलं. तुरीचं शेत अलीकडं होतं तसंच पलीकडं. फक्त मैलाच्या दगडावरची अक्षरं गोल झाली होती.

‘‘एवढीच?’’ द्वारकाबाई म्हणाल्या, आणि मीना मोठ्यानं हसली. त्या घरात तिला इतकं मोठ्यानं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

दिवेलागणीच्या आत पोहोचलो. मीनाच्या आईनं आधी लेकीच्या पोटावर हात ठेवला, मग तोंडावरून फिरवला. आम्ही रात्री तिथंच राहिलो. सकाळी निघताना महेबूबभाईंनी आरसा पुसत विचारलं, ‘‘आता वापस कुठून जायचं मावशी? आता तर कसला बी रस्ता चालतो.’’

‘‘लातूरवरून,’’ द्वारकाबाई म्हणाल्या.

‘‘लातूर कशाला?’’ मी म्हटलं. ‘‘मीनानं नको म्हटलं होतं ना?’’

‘‘तिनं नको म्हणलं. मी न्हाई.’’

दवाखाना मुख्य रस्त्यापासून आत होता. महेबूबभाईंनी दोन ठिकाणी विचारून शोधून काढला. दारासमोर लिंबाखाली एक सिमेंटचं बाकडं होतं. द्वारकाबाईंनी तिथल्या आयाबाईला काहीतरी विचारलं, तिनं बाकड्याकडं बोट दाखवलं. ज्यांच्याबरोबर कुणी नसतं अशा बाया तिथंच बसतात म्हणे. म्हणजे तेव्हा मीनाही, तिचा भाऊ भालकीहून येईपर्यंत, इथंच एकटी बसली असणार.

द्वारकाबाई जाऊन त्या बाकड्यावर बसल्या. हात मांडीवर ठेवून समोरच्या दाराकडं बघत राहिल्या. मी उन्हात उभी. आपण काय करायचं ते मला कळेना. जरा वेळानं त्यांनी शेजारची जागा पदरानं पुसली आणि मला म्हणाल्या, ‘‘बस. तू बी तवा इथं न्हवतीस.’’

मी बसले.