माईंचं विरजण

सकाळचा चहा घेण्याआधी माई हौदाचा वास घ्यायच्या. काष्टीतल्या आमच्या घरामागे, गोठ्याच्या पलीकडे, तो सिमेंटचा उथळ हौद आहे. काठावर दोन्ही हात टेकून त्या नाक पाण्याला लागेल इतक्या वाकायच्या आणि डोळे मिटून तशाच थांबायच्या. चहा आधी घेतला तर नाक खोटं बोलतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तेवढा वेळ घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. मग आवाज यायचा, "हाय, बरं हाय," आणि आम्ही चहा टाकायचो.

माई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या हौदात स्पिरुलिना नावाचं शेवाळ वाढवत. कृषी केंद्रातल्या प्रशिक्षणाहून येताना त्यांनी बाटलीभर हिरवं पाणी आणलं होतं. त्याला त्या विरजण म्हणत. सोडा घातलेलं पाणी, ऊन आणि दिवसभराचं ढवळणं यावर ते वाढलं. गाळून, दाबून, शेवयांसारखं पाडून त्या ते सुती कापडावर वाळवायच्या. त्याची पूड गर्द हिरवी व्हायची, वास थोडा गवताचा, थोडा मासळीचा.

हा सगळा खटाटोप सुनेसाठी होता. रेखा गरोदर होती आणि तिचं रक्त फार कमी भरलं होतं. थालीपिठात चमचाभर पूड घालत माई तिला सांगायच्या, "ह्यात प्रथिनं लई, लोहबी हाय. पन हे जेवान हाय, औषध न्हाई. डॉक्टरच्या गोळ्या चुकवल्यास तर हौद फोडून टाकीन."

त्यांचा मुलगा सुदाम चेष्टा करायचा, "आई, देवळात बी एवढी वाकत न्हाईस."

"देवाचं चुकलं तर देव माफ करतो बाबा. पोट करत न्हाई."

त्या सतत घाबरलेल्या असत. उघड्या पाण्यात वाऱ्याबरोबर दुसरं शेवाळ येतं, त्यातलं एखादं विषारी असतं, आणि डोळ्यांना सगळं हिरवंच दिसतं, हे त्या प्रशिक्षणात शिकल्या होत्या. नुसत्या नाकावर त्यांचा भरवसा नव्हता. मी श्रीगोंद्याला कॉलेजात ग्रंथपाल आहे. अधूनमधून त्या माझ्या पिशवीत बाटली ठेवत, आणि आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली बघत; स्पिरुलिना तिथे स्प्रिंगसारखी वेटोळी दिसते, विषारी शेवाळ बहुधा गोल ठिपक्यांसारखं. संध्याकाळी बसमधून उतरले की माई फाट्यावर उभ्या. "वसू, समद्या स्प्रिंगाच हायेत ना? गोल ठिपकं न्हाईत ना?"

मी एकदा विचारलं, "माई, एवढी भीती वाटते तर वाढवता कशाला?"

"भीती वाटती म्हनून मीच वाढवते. ज्याला वाटत न्हाई त्यानं हात लावू नये."

थंडीत हौदातली वाढ मंदावली आणि पुडीचा डबा रिकामा झाला. त्याच दिवसांत माई दोन दिवस माहेरी गेल्या. सुदामला बायकोची काळजी लागली होती. त्यानं शेततळ्यावरची हिरवी साय काढली, आईच्याच कापडातून गाळली, आईसारखीच वाळवली आणि डब्यात भरून ठेवली. रविवारी माई परतल्या तेव्हा रेखाच्या ताटात थालीपीठ होतं.

माई दारातच थबकल्या. "कशाचा वास हाय ह्यो?"

"आपल्या तळ्यातलं हाय, आई. लई हुतं," सुदाम कौतुकानं म्हणाला. "तव्यावर चांगलं भाजलंय."

"भाजून इख जात न्हाई रं!" माईंनी ताट ओढलं. रेखाच्या तोंडात घास होता. तिच्या जबड्यात बोटं घालून त्यांनी तो बाहेर काढला. "गिळलास का? खरं सांग, गिळलास?"

"येक घास, आत्या," रेखा रडत म्हणाली.

दवाखान्याच्या बाकावर माई माझा हात धरून बसल्या. त्यांच्या नखांतला हिरवा रंग मला दिसत होता. त्या एकच वाक्य पुटपुटत होत्या, "मीच वाट दावली. मीच." रेखाला काही झालं नाही, पुढे मुलगीही सुखरूप झाली. त्या तळ्यात विष होतं की नव्हतं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. माई मात्र त्या दिवसापासून एक वाक्य वारंवार बोलू लागल्या, "शंका आली ना, मग उत्तर मिळालं."

उन्हाळ्यात हौद ढवळतानाच त्यांना झटका आला. हातातली काठी पाण्यावर तरंगत राहिली.

दिवसकार्यापर्यंत हौदाकडे कुणी फिरकलं नाही. नंतर सुदाम म्हणाला, "काकी, बघता का जरा? रेखाचं रक्त अजून कमीच हाय. आन आईचं विरजण तेवढंच ऱ्हायलंय."

मी चहा न घेता गेले. हात टेकले, वाकले, डोळे मिटले. गवताचा वास आला. त्यात आणखी काहीतरी होतं, ओल्या मातीसारखं. की ते माझ्या मनात होतं? कॉलेजला सुट्टी होती, मॅडम गावाला गेलेल्या. पुन्हा वाकले. माई अशा रोज वाकत होत्या, आणि आम्ही घरात चहाची वाट बघत होतो.

मी बाही वर करून तळाचं बूच ओढलं.

सुदाम "काकी!" म्हणाला. पाणी गोठ्याच्या कडेनं शोषखड्ड्याकडे धावलं. रेखा लेकीला कडेवर घेऊन आली. हौदाकडे तिनं पाहिलंच नाही. ती गोठ्यात गेली आणि तिनं त्या पाण्याकडे मान लांबवणाऱ्या वासराचं दावं आखूड करून बांधलं.