मले गॅरेजात कोणी कोंडलं?

हसायचं असेल तं आत्ताच हसून घ्या, कारण माह्या या फजितीचा मले अजूनही संताप येते!

झालं काय, पंचेचाळिशीत मले वजन उचलायचं खूळ लागलं. आमचं घर वैशाली नगरात, गल्लीले लागून गॅरेज. त्यातली कार काढली बाहेर. बायको, सुनंदा, म्हणे, "गाडी उन्हात अन् लोखंड सावलीत?" सकाळी सकाळीच आमचं वाजलं. मी रागारागानं गॅरेजात शिरलो अन् लोखंडी दाराचे दोन्ही पल्ले धाडकन लावून घेतले.

जवळच्या कुम्हारी गावच्या वेल्डरकडून स्क्वॉट रॅक करून आणला होता. दोन उभे खांब, त्यांच्या आकड्यांवर वजनाचा दांडा. आधी प्लायवूडचे दोन थर, वरून रबराच्या जाड चटया, असा प्लॅटफॉर्म बसवला. कोपरा न् कोपरा भरला! त्यावर रॅक उभा करून बोल्ट थेट जमिनीत ठोकले. हत्ती आला तरी हलणार नाही!

प्लांटात मी क्रेन चालवतो, त्या दिवशी दोनची शिफ्ट होती. एक वाजता दार ओढलं. हलेना!

"सुनंदा! बाहेरून कडी कावून लावली?"

"मी कावून लावीन? मी तं भाजी फोडणीले टाकून राहिली!"

"मंग भुतानं लावली का? भांडण झालं म्हणून नवऱ्याले कोंडते?"

ती बाहेर आली. "अवो, कडी उघडीच आहे!"

"खोटं नको बोलू!"

तापलेला माणूस ऐकते का कोणाचं? आरडाओरड्यानं गल्ली जमली. समोरचे बोरकर काका अन् आणखी तिघांनी बाहेरून खांदे लावले. दार केसभर सरकेना. काका हळूच म्हणाले, "सूनबाई, कडी तं उघडी दिसते, पण खालून काही अडकवलं असेल तं काढून टाक ना." बिचारी रडकुंडीले आली. अन् मी आत म्हणून राहिलो, पकडली ना चोरी!

दीड वाजता फोरमनले फोन लावला. "सर, उशीर होईल. बायकोनं गॅरेजात कोंडलं." तिकडून धा-बारा लोकांचं हसू ऐकू आलं. फोन स्पीकरवर होता!

शेवटी वेल्डरलेच बोलावलं, कटर घेऊन. कापून टाक म्हणलं कडी! तो आला, बिजागऱ्या पाहिल्या, जमिनीवर आडवा होऊन फटीतून डोकावला.

"भैया, ये पल्ले अंदर खुलते हैं ना?"

"हौ."

"और प्लेटफॉर्म कहाँ तक बिछाया?"

मी खाली पाहिलं. चटई दाराच्या पत्र्याले चिकटून बसली होती.

"दरवाजे तक," म्हणालो. इतक्या हळू, की मलेच ऐकू नाही आलं.

बाहेर पयले सुनंदा हसली. मंग अख्खी गल्ली.

रॅकचा एक-एक बोल्ट मीच काढला, मंग दारापासच्या चटया अन् प्लायवूड उचललं. बाहेर निघालो तवा पाच वाजले होते.

आता प्लांटात रोज कोणी ना कोणी विचारते, "काय बे, आज वहिनीनं सोडलं वाटते?" सुनंदा चिडते. "माही बदनामी कावून? खरं काय ते सांगून टाका ना!"

मी हात जोडतो. "बाई, बायकोनं कोंडलं म्हणून लोक कीव तरी करतात. यानं स्वतःच स्वतःले कोंडलं, हे कळलं तं उद्या मले क्रेन कोण चालवू देईल?"