आग्या मोहळ आणि उघडी खिडकी

टेंभुर्णीच्या साहेबरावाला कुणी भित्रा म्हटलं तर राग येत नसे. "भेतो मी, मंग? भेणारा चार दिवस जास्त जगतो," असं तोच वर ऐकवायचा. कुत्रं भुंकलं की रस्ता बदलणारा हा माणूस वीस वर्षं मोटारसायकलला जाळीचे गुंडाळे बांधून जालना, भोकरदन फिरत होता. दाराखिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवायच्या, फाटलेल्या बदलायच्या, हा त्याचा धंदा. हात असा साफ, की त्याच्या चौकटीतून मुंगी शिरायची नाही. शिडीवर मात्र चढणार नाही. वरच्या मजल्याचं काम आतून जमलं तर करायचा, नाहीतर सोडून द्यायचा.

सगळ्यांत जास्त भ्यायचा तो आग्या माश्यांना. अकरा वर्षांचा असताना बांधावरचं मोहळ उठलं होतं. चुलत्यानं त्याला घोंगडीखाली ओढून घेतलं, पण बैल खुंट्यालाच बांधलेला राहिला. दावं तोडायला त्यानं किती हिसके दिले, ते साहेबरावानं घोंगडीच्या फटीतून पाहिलं. दावं काही तुटलं नाही.

गेल्या मार्चमधली गोष्ट. जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला प्रेमलाबाई राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, खुब्याचं ऑपरेशन होऊन महिना झालेला. दोघांनी धरल्याशिवाय पलंगावरून उठता येत नव्हतं. पलंगाशेजारच्या खिडकीची लाकडी दारं कुजली होती, जाळीच्या चिंध्या झाल्या होत्या. सून साधना साहेबरावाला काम दाखवून औषधं आणायला गेली. त्यानं दारं उतरवली, जुनी जाळी काढली. आता नुसते गज राहिले. नवी चौकट जमिनीवर ठेवून, जाळी ताणून तो ती धरून ठेवणारं रबर खाचेत दाबत होता. तीन बाजू झाल्या, तेवढ्यात खाली गलका उठला.

"मोहळ उठलं! पळा!"

समोरच्या इमारतीच्या टाकीखाली ते लोंबत होतं. आधी कुजक्या दारांमुळे आणि मग मान खाली घालून काम करण्याच्या नादात त्याला ते दिसलंच नव्हतं. खाली कुणीतरी पोती पेटवली होती, धूर सरळ टाकीला लागला होता. बघता बघता हवा काळी झाली. दोन माश्या गजांतून आत आल्या, एक त्याच्या कानाला डसली.

साहेबराव पळाला. पकड तिथंच टाकून बाहेर आला, दार ओढलं, कडी लावली आणि जिन्यात उभा राहिला. आतून बाईंचा आवाज आला. त्या ओरडत नव्हत्या.

"साहेबराव, पांघरूण पायाशी गेलंय. माझा हात पुरत नाही हो."

एवढंच. त्याच्या डोळ्यांपुढं ते ताणलेलं दावं आलं. "आई गं," तो स्वतःशीच पुटपुटला, आणि कडी काढली.

आत दहाबारा माश्या घोंघावत होत्या. त्यानं गोधडी बाईंच्या तोंडावरून ओढली, चौकट उचलली, खिडकीला लावली आणि छाती टेकवून उभा राहिला. बोटभर अंतरावर पलीकडून माश्या जाळीवर येऊन आदळायला लागल्या. त्यांची थरथर त्याला छातीत जाणवत होती. खालच्या बाजूला रबर नव्हतं, तिथून त्या आत सरकत होत्या. त्यानं तळहातानं जाळी दाबून धरली. हातावर डंख बसला, मग दुसरा, तिसरा.

"बाई, मला जमून न्हाई राह्यलं! हात सोडला तर चौकट पडंल, आन् स्क्रू मारायला हात न्हाई!"

गोधडीखालून बाई म्हणाल्या, "माझा वॉकर आहे पलंगाशी. तो लावा टेकू."

त्यानं पायानं वॉकर ओढला आणि चौकटीला तिरका लावला. बाईंनी गोधडीतून एक हात बाहेर काढून त्याचा पाय घट्ट धरला. त्या हातालाही माशी डसली, पण पकड सुटली नाही. साहेबरावानं उशीचा अभ्रा खालच्या फटीत कोंबला आणि रडत रडत स्क्रू आवळले. चार आवळायचे होते, पाच आवळले.

मग आत राहिलेल्या माश्या त्यानं चपलेनं मारल्या आणि भिंतीला टेकून खाली बसला. जवळजवळ तासभर जाळी काळीच होती. एकदा बाईंनी विचारलं, "आहात ना?" तो म्हणाला, "हाय."

खालच्या दुकानात अडकलेली साधना धापा टाकत वर आली, तेव्हा त्याचा हात कोपरापर्यंत सुजला होता, एक डोळा मिटला होता. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, नऊ काटे काढले. बाईंना दोनच डंख होते.

पाचव्या दिवशी साहेबराव परत आला. चौथ्या बाजूचं रबर राहिलं होतं. मोहळ काढणारे अजून आलेच नव्हते, ते टाकीखाली तसंच लोंबत होतं. साधना म्हणाली, "अहो, ते निघाल्यावर या ना. अभ्रा आहे की कोंबलेला."

"अभऱ्यावर काय भरोसा?" तो म्हणाला. आतून काम करताना त्याचं कपाळ घामानं भिजलं होतं, रबर बोटांतून दोनदा निसटलं.

बाई पलंगावरून बघत होत्या. "अजून भीती वाटते?"

"लई वाटून राह्यली, बाई," साहेबराव म्हणाला, आणि कोपरा अंगठ्यानं दाबत पुढं सरकला.