चर्चच्या आवारातली रेघ
चुन्याचा वास आला की मला जालन्यातलं मालधक्क्याशेजारचं जुनं दगडी चर्च आठवतं. धक्क्यावरची गोदामं पाडून तिथं उंच इमारती उठत होत्या, आणि नव्या रस्त्यासाठी चर्चच्या आवारातून चुन्याच्या फक्कीची रेघ मारायला मला पाठवलं होतं. चर्चच्या वहीत नोंद असलेल्या कबरी आधीच दुसरीकडे हलवल्या होत्या. लिंबाखालचा पाला झाडणारी एक म्हातारी खराटा ठेवून जवळ आली. म्हणाली, "साहेब, रेघ जरा तिकडं सरकवा ना. इथं माझी पोरगी हाय. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच गेल्ती, म्हणून वहीत नाव न्हाई. दगडबी बसवायचा राह्यला." मी म्हणालो, "आजी, नकाशा मी न्हाई बनवला." "मंग एकदा परत मोजा. बराबर मोजा," असं म्हणून तिनं टेपचं टोक स्वतःच घेतलं आणि चर्चच्या भिंतीला दोन्ही हातांनी दाबून धरलं. मी मोजलं. रेघ तिथंच आली. तिच्या समाधानासाठी फाटकाकडूनही मोजलं, तरी तिथंच. तिनं टेप सोडला. "तुमच्या हातात न्हाई, कळलं मला," ती म्हणाली आणि उन्हात उभ्या असलेल्या मला तांब्याभर पाणी आणून दिलं. मी पाणी प्यायलो आणि फक्की टाकली. आता ऑफिसला जाताना रोज तोच रस्ता लागतो. तेवढ्या जागेवरून गाडी नेऊ नये असं वाटतं, पण ती जागा नेमकी कुठं होती, हे आता मलाही सांगता येत नाही.