फळीवरचं वजन

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढते. पंधरा वर्षं झाली, आणि या पंधरा वर्षांत माणसांबद्दल माझं मत काही सुधारलेलं नाही. नुसतं मनगट मुरगळलेला बाप्या अख्खा वऱ्हांडा डोक्यावर घेतो, आणि मोडलेला पाय घेऊन बैलबंडीतून आलेली म्हातारी "थोडंसं दुखून राह्यलं" म्हणते. पहिल्या प्रकारचे लोक जास्त. डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेली केसाएवढी चीर मला दिसते, हे दवाखान्यात सगळ्यांना माहीत आहे. ज्याला नसेल त्याला मी सांगते.

अशा बाईनं स्नोबोर्डिंग करावं हे आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरीकडच्या लोकांना झेपलं नाही. आधी ते काय असतं हेच कोणाला कळेना. दोन्ही पाय एका फळीला बांधायचे आणि बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायचं, असं मी समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेऊन आमचा शिपाई म्हणाला, "काऊन?" म्हणजे, कशासाठी? मे महिन्यात डोक्याला ओला दुपट्टा बांधल्याशिवाय ज्यांना विचार करता येत नाही, त्यांच्याकडून मी याहून जास्त अपेक्षा केलीच नव्हती.

हे खूळ माझ्या डोक्यात मोबाइलमुळे शिरलं. एक मुलगी उतारावरून फळीवर उभी राहून येत होती. मी म्हटलं, यात काय आहे, हे तर मी सात वर्षांची असताना केलंय. आमच्याकडे धानाच्या रोवणीआधी बांधीतला, म्हणजे खाचरातला, चिखल सपाट करायला बैलांच्या मागे लाकडी फळी बांधतात. ती चिखलात नीट बसावी म्हणून वर वजन लागतं. बाबा दगड ठेवत नसत, मला उभं करत. दोरी घट्ट धरायची, अंग मागे टाकायचं आणि बैल नेतील तिकडे जायचं. पडले तर बाबा बैल थांबवत नसत, मागे वळूनही बघत नसत. मी तोंडातला चिखल थुंकत धावायचे आणि पुन्हा फळीवर चढायचे. एकदा रडले तर म्हणाले, "पडली तं ऊठ. बैल कोणासाठी थांबतेत का?"

त्यानंतर मी पडून रडले नाही. रडणाऱ्यांबद्दल मला दयाही वाटेनाशी झाली.

पहिल्यांदा काश्मीरला गेले तेव्हा चौदा दिवसांचा कोर्स होता. वीस जणांचा घोळका. कोणाचे मोजे ओले झाले म्हणून तोंड वाकडं, कोणाला चहात आलं हवं. नवे गॉगल घालून फोटो काढून घेण्यातच यांचा अर्धा दिवस जायचा. या बाहुल्यांना दोन दिवसांत मागे टाकते, असं मी मनाशी ठरवलं, आणि सगळ्यांत जास्त वेळा मीच पडले.

कारण बर्फावर अंग मागे टाकून चालत नाही. वजन पुढच्या पायावर असेल तरच फळी वळते. मागे रेललात की ती उधळते आणि तुम्हाला पाठीवर आपटते. आणि माझं अंग तर तीस वर्षांपूर्वीच मागे रेलायला शिकलेलं. वर दोन्ही मुठी पोटासमोर आवळलेल्या, जणू अजून दोरी धरली आहे. शिकवणारे सर खालून ओरडायचे, "मॅडम, लगाम छोड़िए!" की त्या बाहुल्या खिदळायच्या. मी चौदा दिवस बुडावर काढले. 'बी' श्रेणीचा कागद आणि ठणकणारं माकडहाड घेऊन परत आले. पुढे महिनाभर एक्स-रेच्या खोलीत टायरच्या ट्यूबवर बसत होते. शिपाई दारातून डोकं घालून विचारायचा, "मॅडम, बरफ लय कडक असते का हो?"

'ए' मिळाल्याशिवाय पुढच्या कोर्सला घेत नाहीत, आणि चाळिशी झाली की हा पहिला कोर्स पुन्हा करू देत नाहीत. माझा जन्म चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशीचा. पुढचा हिवाळा संपला की एप्रिलमध्ये मी चाळीस पूर्ण करणार होते. म्हणजे त्याच हिवाळ्यात 'ए' मिळाला तर मिळाला, नाहीतर उरलेला जन्म लोकांची हाडं बघण्यात जाणार होता.

धान कापून झाल्यावर मी गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधाच्या उतारावर, धानाच्या पेंढ्याची तणीस पसरली. जुन्या पलंगाची फळी तासून घेतली, तिला मेण चोळलं, आणि मुठी वळू नयेत म्हणून दोन्ही हात ओढणीनं पाठीमागे बांधून घेतले. पहिल्याच दिवशी अर्धं गाव गोळा झालं. "बाईले का झालं हो?" "दवाखान्यातल्या मशीननं डोकं फिरलं असन." ज्यांना पाळीवरून बकरी हाकलता येत नाही, ते मला तोल शिकवत होते. आता ऐंशीला टेकलेले बाबा पाळीवर उकिडवे बसून दोन संध्याकाळ बघत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ही फळी तं काईच सपाट करून नाई राह्यली." आणि घरी गेले.

पण महिन्याभरात माझं वजन पुढच्या पायावर आलं.

दुसऱ्या वर्षीच्या कोर्सला एक पुणेकर होता. तिशीचा, गुबगुबीत, अंगावर डोळे दिपतील असे पिवळेजर्द कपडे. पहिल्याच जेवणाला म्हणाला, "ताई, तुम्ही चंद्रपूरच्या का? मग तुमच्या अंगणात वाघ येत असतील ना?"

"येतात," मी म्हटलं. "पण पुण्याचे पाहुणे आलेत कळलं की परत जातात."

माणूस चिडायला हवा होता. हा पोट धरून हसला आणि सगळ्या टेबलांवर जाऊन हे सांगत सुटला. पडला की "आई गं!" म्हणून अशी आरोळी ठोकायचा की सगळा उतार वळून बघे, आणि कोणी तरी जाऊन त्याला उचलेही. मला त्याची किळस यायची. एवढा बाप्या, आणि कोणी उचलायला येईपर्यंत बसून राहतो! रोज संध्याकाळी बुखारीजवळची, म्हणजे तिथल्या लाकडाच्या शेगडीजवळची, उबेची जागा तो माझ्यासाठी धरून ठेवायचा. मला ती चमचेगिरी वाटायची. मी मुद्दाम लांब बसायचे.

परीक्षेच्या दिवशी नियम सोपा होता. एकच फेरी. झेंड्यांमधून वळणं घेत खाली यायचं. पडलात किंवा थांबलात की 'ए' गेला. वरून एकेकाला दोन-दोन मिनिटांनी सोडत होते. उताराच्या मध्ये एक उंचवटा होता. त्याच्यामागचा तुकडा वरूनही दिसत नव्हता आणि खाली वही घेऊन उभ्या असलेल्या सरांनाही दिसत नव्हता. माझ्या आधीचा नंबर पुणेकराचा होता.

मी निघाले. मुठी सुट्या, वजन पुढे. पहिला झेंडा, दुसरा झेंडा. फळी माझं ऐकत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या मागे बांधलेली नव्हते, आणि मला इतका आनंद झाला होता की ओरडावंसं वाटलं.

उंचवटा ओलांडला तर कडेला पिवळे कपडे. तो बसला होता. आरोळी नाही, काही नाही. उजव्या हातानं डावं कोपर खालून उचलून धरलेलं, मान डाव्या खांद्याकडे कललेली, ओठ पांढरे. असं बसलेलं माणूस दवाखान्याच्या दारातून आत आलं की मी कागद न बघता मशीन गळ्याखालच्या हाडावर लावते. ते हाड मोडलेलं होतं. मला कोणी सांगायची गरज नव्हती.

तो म्हणाला, "ताई."

हळू म्हणाला.

मी वळण घेतलं. उरलेले तीन झेंडे पार केले आणि सरांसमोर उभ्यानं थांबले. ते म्हणाले, "बहुत अच्छा, मॅडम!" मी वहीकडे बघत राहिले. 'ए' लिहून त्यांनी पेनाचं टोपण लावलं, तेव्हा मी म्हटलं, "सर, ऊपर एक आदमी बैठा है."

संध्याकाळी तो गळ्यात झोळी अडकवून जेवायला आला. बुखारीजवळची दोघांची जागा त्यानं आजही धरली होती. या वेळी मी गेले. त्यानं काखेतून एक्स-रेची फिल्म काढली.

"ताई, हे तुमचं खातं. बघा ना जरा."

मी फिल्म दिव्याच्या उजेडात धरली. हाडाचे सरळ दोन तुकडे, एकावर एक चढलेले. ते बघायला डोळेही लागले नसते.

"तुम्ही माझ्या समोरूनच गेलात," तो म्हणाला. "पण गॉगल होता ना तुमचा. मला लागलंय हे दिसलं नसेल तुम्हाला."

त्याच्या आवाजात टोमणा असेल म्हणून मी शोधला. नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

"नाई दिसलं," मी म्हटलं.

"तेच मी सगळ्यांना सांगितलं," तो म्हणाला, आणि धडक्या हातानं माझ्या ताटात पापड ठेवला.