येरानांच्या घरची इवाना

झाल्काने छत्तीस वर्षं पोद्लिपा गावात टपाल वाटलं. "डोळे बांधून कुठल्याही दारात उभी करा, घराचा नंबर सांगते," अशी तिची फुशारकी. नेमका त्या फुशारकीनेच तिचा घात केला.

निवृत्त झाल्यावर माणसं मधमाश्या पाळतात, द्राक्षं लावतात. ही बाई तालुक्याच्या दप्तरखान्यात जाऊन १९१०ची शिरगणती उपसत बसली. कारण तिची आई, पेप्का. वय नव्वद, जीभ विशीतली. पेप्काची आई इवाना म्हणजे त्रिएस्त शहरातल्या अनाथालयातून येरानांच्या घरी आणून ठेवलेलं पोर. पेप्का पाच वर्षांची असताना ती वारली. मागे राहिलं ते शाळेतल्या पोरींचं चिडवणं. गावात आडनावाला विचारतो कोण? प्रत्येकाला घराच्या नावाने हाक. पेप्काला मात्र "त्रिएस्तवालीची". सर्व संतांच्या दिवशी बायका माहेरच्या कबरींवर मेणबत्त्यांच्या रांगा लावत, आणि पेप्काची माहेरची मेणबत्ती एकच, आईची.

"माझ्या आईला त्यांनी काय म्हणून ठेवलं होतं, एवढं कळू दे बये," ती म्हणायची. "मोलकरीण म्हणून असेल तर तसं सांग. मी काय आता रडणार आहे?"

येरानांचं घर सतरा नंबरचं. झाल्काने सतराचा कागद काढला. पाच घोडे, दोन डुकरं, अकरा माणसं. इवाना नाहीच!

"डुकरं मोजली मेल्यांनी, आणि पोर मोजली नाही!" ती एवढ्याने ओरडली की दप्तरखान्यातली निवेस धावत आली.

"झाल्कामावशी, हळू! इथे लोक वाचतात."

"वाचू देत की! त्यांनाही कळू दे."

घरी जाऊन आईला काय सांगायचं? बसमध्ये ती कागदावरचं सगळं पुन्हा आठवू लागली. तसे ते पाच घोडे डोळ्यांपुढे आले. पाच? येरानांच्या गोठ्यात शेळी वळायची तर बाहेर येऊन वळावी लागते! पाच घोडे फक्त खालच्या खानावळवाल्यांकडे. म्हणजे तेव्हाचं सतरा खानावळ होतं. पुढे मोठ्या आगीत अर्धं गाव जळालं आणि नव्याने बांधलं, तेव्हा नंबरही नव्याने पडले असणार. आणि टपालवालीचाच पत्ता चुकला! ती एकटीच खो खो हसत सुटली. ड्रायव्हरने आरशातून दोनदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने नंबर सोडून दिले आणि एकेक पान चाळलं. एकतीस नंबरला येरानांचा आंतोन सापडला, त्याची बायको काट्रा, एक शेळी. खाली इवाना, वय आठ, जन्म त्रिएस्त. 'घरमालकाशी नातं' या रकान्यात आंतोनने आपल्या जाड्या अक्षरात लिहिलं होतं, 'मुलगी'. शिरगणतीवाल्याने ते लाल शाईने खोडून 'सांभाळायला घेतलेली' असं केलं होतं. आणि त्या लाल शाईवर, कागद फाटेल इतक्या जोराने, पुन्हा तेच जाडं अक्षर: 'मुलगी'.

झाल्काने आनंदाने ओरडत निवेसला मिठीच मारली. या खेपेला कोणी हळू बोला म्हटलं नाही.

पेप्काने घरी भिंग लावून नक्कल वाचली. मग पुन्हा वाचली. "सरकारशी भांडला गं," ती म्हणाली, "माझ्या आईसाठी." आणि रडणार नाही म्हणणारी म्हातारी रुमाल भिजेस्तोवर रडली, मग तेरान वाइनचा पेला मागून घेतला.

सर्व संतांच्या दिवशी दुपारी ती काठी टेकत येरानांच्या कबरीपाशी गेली. येरानांची सून स्लाविका तिथे फुलं मांडत होती.

"पेप्कामावशी, कबर चुकलात का?"

"चुकले होते. नव्वद वर्षं," पेप्का म्हणाली. "सरक जरा, पोरी. माझ्या आजोबांची आहे. कागद आहे माझ्याकडे."

स्लाविकाने कागद वाचला आणि फुलं बाजूला घेऊन जागा करून दिली. झाल्काने पिशवीतून दोन मेणबत्त्या काढल्या.

पेप्काने दगडावरची नावं काठीने एकेक करून मोजली. नऊ भरली.

"दोनच आणल्यास?" ती लेकीवर खेकसली. "एवढं माझं माहेर, आणि दोनच? जा, पळ, दुकान बंद होईल!"